क्लच सुटंना का धरंना? जुन्या गाडीनं संभाजीनगर ते नळदुर्ग

शनिवार : छत्रपती संभाजीनगर ते बीड

मामांना नळदुर्गला मावशीकडं जायचं होतं. कोजागरीची गर्दी ओसरली होती, तेव्हा वाटेत तुळजापूरला दर्शनही निवांत होईल, असा हिशेब. गाडी आमची जुनीच, २००२ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. केबलचा क्लच, आणि डॅशबोर्डवर इंजिन किती वेगानं फिरतंय ते दाखवणारा आरपीएमचा काटासुद्धा नाही. मामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांना शेजारी बसवलं की गाणी लावायची सोय नसते, कारण त्यांना गाडी ऐकायची असते.

आडूळ, पाचोड करत शहागडला गोदावरी ओलांडली. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंजी आणि मळणीयंत्रांची धूळ. या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. चौपदरी झाल्यापासून गावं बाजूनं निघून जातात, पाट्या तेवढ्या दिसतात.

गेवराईच्या पुढं एका धाब्यावर चहाला थांबलो. निघताना रिव्हर्स टाकला तर कर्रर्र. क्लच सोडून पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मी लिव्हरवर जोर लावणार तेवढ्यात मामांनी मनगट धरलं.

"जोर लावू नको. इंजिन बंद कर, मग टाक."

बंद इंजिनावर पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे अलगद पडले.

"आता चालू कर. क्लच तळापर्यंत दाब. मनात पाच आकडे मोज. मग टाक."

कर्रर्र.

तेवढ्यावर मामांनी निम्मं निदान करून टाकलं. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात, म्हणजे लिव्हर, लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणारे दांडे), गिअरबॉक्स यांच्यावर आत्ताच संशय घ्यायचं कारण नाही. चालू इंजिनावर पडत नाहीत, म्हणजे पेडल तळाला टेकलं तरी इंजिन गिअरबॉक्सला फिरवतंच आहे. पाच आकडे मोजायचे ते यासाठी, की क्लच दाबल्यावरही आतली क्लच प्लेट आधीच्या वेगात क्षणभर फिरत राहते. ती थांबायला अवकाश द्यायचा. अवकाश देऊनही गिअर ओरडला तर प्लेट मोकळीच होत नाही असं धरायचं.

रिव्हर्सच का ओरडतो, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या गिअरांना सिंक्रो रिंग असते. ती फिरत्या भागांचा वेग जुळवून घेते आणि क्लचचं थोडंफार दुखणं झाकून नेते. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला ती नसते, म्हणून क्लच सुटेनासा झाला की पहिली बोंब रिव्हर्स मारतो. पुढच्या गिअरांना अडखळायला लागतं ते नंतर, तेही आधी सिग्नलवर पहिला टाकताना.

मग खात्रीसाठी आणखी एक. धाब्यासमोरच्या सपाट जागेत क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला आणि ब्रेक सोडला. गाडी हळूच पुढं सरकली. क्लच दाबलेला असताना सपाटीवर गाडीनं जागचं हलायचं कामच नाही.

"क्लचचं दुखणं आधी दोनांत वाट," मामा म्हणाले. "सुटंना झालाय का धरंना झालाय? हे ठरल्याबिगर पान्याला हात लावायचा नाही. कारण एकाचं औषध दुसऱ्याला विष हाय."

का, ते आतली रचना डोळ्यांपुढं आणली की कळतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक. त्यावर प्रेशर प्लेट बोल्टनं बसवलेली. या दोघांच्या मध्ये क्लच प्लेट, दोन ताटांत भाकरी दाबून धरावी तशी. ही मधली प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. दाब सतत असतो, डायफ्रॅम स्प्रिंगचा. आपण पेडल दाबतो तेव्हा केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंग पुढं सारतो, बेअरिंग त्या स्प्रिंगची बोटं दाबतं आणि पकड सुटते. पेडलाची हालचाल बोटांपर्यंत पुरेशी पोचली नाही तर क्लच सुटत नाही. उलट बोटांवर कायम थोडा दाब राहिला, किंवा प्लेट झिजली, किंवा तेलकट झाली, तर क्लच धरत नाही. पहिल्यात केबल ताणायची, दुसऱ्यात बहुधा ढिली करायची.

मामांनी खाली वाकून पेडल हातानंच दाबून पाहिलं. पायाला कळत नाही ते हाताला कळतं. सुरुवातीला पेडल अगदी हलकं जातं, मग एका जागी जड लागतं. त्या हलक्या हालचालीला फ्री प्ले म्हणतात. केबलच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो दीड-दोन सेंटिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. आमच्या पेडलात चांगला दुप्पट होता. बॉनेट उघडून केबल पाहिली, तर फोर्कच्या टोकाशी तारेचे एकदोन धागे तुटून बाहेर आलेले, झाडूच्या काडीइतके लांब. केबल वाढली होती, आणि पेडलाचा बराच प्रवास तिचा ढिलेपणा गोळा करण्यातच जात होता. डिकीत जॅक आणि चाकाचा पाना सोडून काही नव्हतं. उद्या बीडला पाना मिळवून दोन आटे फिरवू आणि लातूरला नवी केबल टाकू, असं ठरलं.

बीडला आतेभावाकडं मुक्काम. संध्याकाळी कंकालेश्वराला जाऊन आलो. कुंडाच्या पाण्यातलं ते देऊळ कितीदाही पाहिलं तरी चालतं. जेवताना क्लचचा विषय निघाला आणि आतेभाऊ गाडी न बघताच म्हणाला, "प्लेट गेली. सेटच टाका." आपल्याकडं क्लचच्या कुठल्याही तक्रारीवर हा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. कधीकधी तो बरोबरही असतो, पण तेवढ्यावर हजारो रुपयांचं काम काढायचं म्हणजे कठीणच.

रविवार : बीड ते अंबाजोगाई

सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खाऊन निघालो. गाडी अंगणातून काढताना रिव्हर्स बिनआवाज पडला, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. पेडलही वेगळं लागत होतं, वरच्या वरच पकडत होतं. मामा तेव्हा फोनवर मावशीला पोचायची वेळ सांगत होते.

मांजरसुंब्याचा घाट म्हणजे बालाघाटाच्या पठारावर चढायचा जिना. रस्ता रुंद झालाय, पण चढ तो चढच. पुढं एक कंटेनर रेंगाळत होता. तिसऱ्यात घेऊन ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी मात्र तेवढीच. आणखी दाबला, आवाज आणखी चढला, वेग उलट उतरला. काच खाली होती, तिच्यातून तापलेल्या ब्रेक लायनरला येतो तसला जळका वास आत आला.

"पाय काढ," मामा म्हणाले आणि फोन ठेवला. "दुसरा टाक, हळू चल. वर जाऊन थांब."

वर मांजरसुंब्याच्या चौकाजवळ सीताफळाच्या पाट्या लागल्या होत्या. गाडी सावलीत उभी केली आणि बॉनेट उघडं ठेवलं. मामांनी पेडल हातानं दाबलं. मोकळी हालचाल काहीच नाही, पहिल्या केसापासून जड. मी आतेभावाला फोन लावला.

"अरे हां, सांगायचंच राहिलं! तुम्ही उठायच्या आत आपल्या पोराकडनं क्लच टाईट करून आणलाय. बघ कसा मस्त झालाय!"

त्याच्या प्रेमापुढं बोलणार काय. पंक्चरवाल्याकडून पाना मागून आणला. मामांनी गिअरबॉक्सवरचा फोर्कचा दांडा अंगठ्यानं हलवायचा प्रयत्न केला, तो तसूभर हलला नाही. म्हणजे रिलीज बेअरिंग बोटांवर दाबून बसलेलं. आपण पाय न ठेवताही कुणीतरी क्लचवर पाय ठेवून बसल्यासारखी गाडी बीडपासून चालली होती. सपाटीवर हे खपून गेलं. घाटात इंजिनाची ताकद पुरी लागली तेव्हा उरलेल्या पकडीला ती पेलली नाही. वर बेअरिंगही सतत फिरत राहिलेलं, तेही त्यासाठी बनवलेलं नसतं.

लॉकनट सोडला. मी आत बसून पेडल हातानं दाबत होतो आणि ते बाहेरून आटे उलटे फिरवत होते. "आता?" "नाही." "आता?" "थोडं हलकं लागतंय." फोर्कचा दांडा अंगठ्यानं किंचित खुळखुळायला लागला, पेडलात दीड सेंटिमीटर मोकळं आलं, तिथं लॉकनट कसला. मग रिव्हर्स टाकून पाहिला. थोडं थांबून टाकला तर पडत होता. सुटण्याची आणि धरण्याची अशी दोन्ही बाजूंनी तपासणी झाल्याशिवाय केबलचं काम पुरं होत नाही. कुणी एकच बाजू बघून "झालं" म्हणत असेल तर त्याच्यासमोरच दुसरी बघून घ्यावी.

इथं मामांनी एक गोष्ट सांगितली ती मला आधी ठाऊक नव्हती. केबल वाढली की फ्री प्ले वाढतो. पण प्लेट झिजली की तो कमी होतो. प्लेटवरचं, घर्षणानं पकड घेणारं अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं सरकते, आणि स्प्रिंगच्या बोटांची टोकं उलट बाजूला, बेअरिंगच्या दिशेनं येतात. त्यामुळं कुणीही पान्याला हात न लावता पेडल वरवर पकडायला लागलं, तर झिजत्या प्लेटची ती पहिली वर्दी असते. अशा गाडीची केबल ताणली तर दुखणं दुप्पट. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या बऱ्याच गाड्यांत ही हालचाल आपोआप सांभाळली जाते, तिथं पेडलावरून झीज एवढी सरळ कळत नाही. तिथं आधी तेलाची डबी बघायची. पातळी उतरलीय का, मास्टर नाहीतर स्लेव्ह सिलिंडरजवळ ओल आहे का. पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा शिरलेली, आणि दाबून धरल्यावर हळूहळू तळाला बसत गेलं तर आतली सीलं गेलेली. आमच्या गाडीला या भानगडी नाहीत. जुन्या केबलचं एवढं एक सुख.

नेकनूरच्या पुढं मोकळा रस्ता मिळाल्यावर चालती परीक्षा घेतली. चौथ्या गिअरमध्ये चाळीसचा वेग, आणि एकदम ॲक्सिलरेटर तळाला. क्लच ठीक असेल तर गाडी कुरकुरत, जड होऊन वेग घेते आणि आवाज वेगाबरोबरच चढतो. स्लिप असेल, म्हणजे क्लच घसरत असेल, तर आवाज एकटाच पुढं पळतो. काटा नसला तरी कानाला हे स्वच्छ कळतं. आवाज बरोबर चढला. आम्ही खूश. पण केजच्या पुढं, ऊन चढल्यावर, एका ट्रॅक्टरला ओलांडताना तो पुन्हा एकटा पळाला, जेमतेम सेकंदभर.

मामांनी डोकं हलवलं. "केबलीचं एक झालं. अजून एक हाय."

अंबाजोगाईला संध्याकाळी पोचलो. योगेश्वरीचं दर्शन, मग उजेड होता तोवर हत्तीखान्याची लेणी. अंगणातल्या दगडी हत्तींपाशी मामा बराच वेळ बसले. रात्री झोपायच्या आधी त्यांनी लॉजवाल्याकडून जुना पेपर मागितला, वाचायला नाही, गाडीखाली अंथरायला. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात, बरोबर त्याच्या खाली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून.

सोमवार : अंबाजोगाई ते लातूर

सकाळी पेपरवर तेलाचे दोन ठिपके, एकाखाली एक, दोन्ही बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, तळाच्या भोकाखाली. मामांनी बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, मग माझ्या नाकाखाली धरलं.

ही खूण फार कामाची आहे. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा आला की माणूस विसरत नाही. इंजिन ऑइल वापरून काळं पडलेलं असतं, पातळ असतं आणि त्याला तसला वास नसतो. आमचं काळं होतं. गिअर ऑइल असतं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. इंजिन ऑइल म्हणजे फ्लायव्हीलच्या मागचं क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) सील. डिपस्टिक काढली तर तेलही खाली गेलेलं. वरून टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून गळलेलं तेलसुद्धा ओघळून तिथंच थेंब धरतं, म्हणून मामांनी फडकं काठीला गुंडाळून इंजिनाच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत फिरवलं. वर कोरडं, फक्त खाली ओलं. संशय पक्का झाला.

तरी हँडब्रेकची परीक्षा घेतलीच. चाकांना दगड लावले, समोर भिंत नाही ना ते पाहिलं, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडला. इंजिन धक्का खाऊन तिथल्या तिथं बंद पडलं. म्हणजे क्लच ठणठणीत?

"गार हाय म्हणून," मामा म्हणाले. तेल लागलेली प्लेट गार असताना धरते, तापली की सोडते. बर्दापूरच्या पुढं गाडी चांगली तापल्यावर रस्त्याच्या कडेला तीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी इंजिन लगेच मेलं नाही. घुमत राहिलं, आवाज दबला आणि मग बंद पडलं. मधला तो क्षण म्हणजे स्लिप. तापलेल्या गाडीवर ही परीक्षा एकदाच घ्यायची. खात्री करायला म्हणून चारचारदा घेतली तर उरलीसुरली प्लेट परीक्षेतच जळते. आणि सकाळच्या गार गाडीवर गॅरेजवाल्यानं "काही नाही" म्हटलं, तर त्याला म्हणायचं, चल, दहा किलोमीटर फिरून येऊ.

लातूरपर्यंत मामांनी मला कसं चालवायचं ते सांगितलं. वरच्या गिअरमध्ये जोर द्यायचा नाही, चढ दिसला की आधीच खालचा गिअर. क्लचवर अर्धा पाय ठेवून गाडी सरकवत न्यायची नाही. चढावर थांबायचं तर हँडब्रेकवर, क्लचवर तोलून नाही. केबल तुटलीच तर काय, हेही ऐकून घेतलं. इंजिन बंद करून पहिला टाकायचा आणि स्टार्टर मारायचा, गाडी हिसका देऊन चालू होऊनच निघते. पुढचे गिअर ॲक्सिलरेटर सोडून, आवाज जुळवून, लिव्हर हलक्या हातानं सरकवून टाकायचे. थांबायचं तर न्यूट्रल. गर्दीत हे करू नये आणि स्टार्टरवर ताण येतो, पण आडरानातून गावापर्यंत येता येतं. हे सांगताना मामांचा चेहरा उजळला होता. सिंक्रो नसलेल्या जुन्या बसगाड्यांत डबल क्लच मारून, म्हणजे मध्ये न्यूट्रलवर थांबून क्लच दोनदा दाबून, गिअर टाकायची कला त्यांच्या हाडात आहे, आणि आता ती कुणालाच दाखवता येत नाही.

रेणापूर गेलं, लातूर आलं. मामांच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाचं गॅरेज, तिथं गाडी लावली. संध्याकाळी गंजगोलाईत फिरून आलो. सोळा रस्ते एका गोलात येतात आणि प्रत्येक रस्त्याचा माल वेगळा. स्पेअर पार्टची दुकानं त्या गोलापासून लांब आहेत, हे मामांना बघून आल्यावर आठवलं.

मंगळवार : लातूर, दिवसभर गॅरेज

सकाळी निलंगा राईस खाऊन पोचलो तेव्हा बॅटरी सुटली होती, केबल निघाली होती, गिअर ऑइल परातीत उतरलं होतं. दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढले, इंजिनाखाली लाकडी ओंडका आणि जॅकचा टेकू दिला आणि गिअरबॉक्स मागं सरकवून खाली घेतला. छोट्या गाडीत दोन माणसं हातांवर तोलतात. तरी मिस्त्रींनी पोरांना दोनदा बजावलं की वजन इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर गिअरबॉक्सच्या वजनानं प्लेटचा मधला भाग वाकतो.

उघडल्या उघडल्या एका पोरानं एअरची नळी उचलली. मिस्त्रींनी ती काढून घेतली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आपल्याकडच्या गॅरेजांत ही खबरदारी मी क्वचितच पाहिलीय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीनं, समोरासमोरचे, थोडेथोडे सोडले. एकच बाजू आधी सोडली तर प्लेट वाकडी होते. मग क्लच प्लेट हातात आली.

हाच तो तुकडा ज्यासाठी शनिवारपासून सगळा खल चालला होता. उन्हात धरून पाहिला. गिअरबॉक्सकडची बाजू मळकट, पण कोरडी. फ्लायव्हीलकडच्या बाजूला मधल्या भागापासून कडेपर्यंत काळी, चकाकती ओल पसरलेली, आणि कडेला तेल जळून डांबरासारखा थर. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपेक्षा अजून वर होतं, म्हणजे झिजेनं गेली नव्हती. मधल्या चार टॉर्शन स्प्रिंगा (धक्का झेलणाऱ्या) अंगठ्यानं हलवल्या, एक खुळखुळत होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग, जिथं घाटात तापलं होतं ते. नखानं चाचपले, चीर नव्हती. डायफ्रॅमच्या बोटांची टोकं रिलीज बेअरिंगनं घासून चमकदार, पण एका उंचीत. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं किरकिरलं.

तेलकट प्लेट पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवायचा सल्ला शेजारच्या गॅरेजमधून फुकट आला. मिस्त्री हसले. अस्तरात मुरलेलं तेल धुऊन निघत नाही. गार असताना धरेल, तापलं की पुन्हा बाहेर येईल.

फ्लायव्हील उतरवलं आणि मागं ते सील दिसलं. रबराची ओठासारखी कडा दगडासारखी कडक झाली होती, बोटानं दाबली तर दबेना. सील स्वस्तात मिळतं, पण तिथवर पोचायची मजुरी मोठी. म्हणून क्लच उघडला की क्रँकचं सील गळत नसलं तरी बदलून घ्यावं, आणि इनपुट शाफ्टचंही. आम्ही दोन्ही बदलली.

आता बहुतेक ठिकाणी इथंच काम संपतं. मामा म्हणाले, "सील का गेलं ते बघ आधी." वय झालं होतं हे खरं. पण त्यांनी इंजिनाचा ब्रीदर पाइप काढून फुंकून पाहिला. अर्धा काळ्या चिकट गाळानं बुजलेला. आतल्या वाफेला बाहेर जायला वाट नसली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जिथं कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. नवं सील टाकून पाइप तसाच ठेवला असता तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हेच. पाइप रॉकेलनं साफ झाला. एवढ्या दिवसांत मला मामांचा सगळ्यांत अभिमान वाटला तो या दहा मिनिटांत.

फ्लायव्हील लेथवाल्याकडं हलका हात मारायला पाठवलं. ते येईपर्यंत चहा आणि गप्पा. मिस्त्री २०१६ सालचं सांगत होते, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं तेव्हाचं. गॅरेजात धुणं बंद होतं आणि तेलकट हात लाकडाच्या भुशानं चोळून तसेच घरी जायचं. कोपऱ्यात भुशाचं पोतं अजून होतं.

बसवणी उलट्या क्रमानं. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते छापलेलं होतं, ते पाहून लावली. उलटी बसली तर सगळं परत उतरवावं लागतं. मधोमध धरायला सेंटरिंगचा दांडा घातला, प्रेशर प्लेटचे बोल्ट पुन्हा आळीपाळीनं कसले. शाफ्टच्या दातांवर ग्रीस लावलं, अगदी पातळ, कारण जास्तीचं उडून प्लेटवरच जातं. नवी केबल. गिअरबॉक्स चढवण्याआधी मिस्त्रींनी त्याचा इनपुट शाफ्ट हातानं फिरवून मामांकडं पाहिलं. मामांनीही फिरवला. बारीक खरखर होती. "ह्याला आत्ता हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "ते गिअरबॉक्स फोडायचं काम हाय, आणि सामान आज मिळणार नाही." नवं गिअर ऑइल भरलं.

इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरी टेकूंपैकी एक माउंटिंगही फाटकं निघालं, ते बदललं. गाडी निघताना थरथरली की लोक क्लचला शिव्या देतात. तेलकट प्लेट, तापून डाग पडलेलं फ्लायव्हील, थकलेल्या टॉर्शन स्प्रिंगा, सगळ्यांनी थरथर येते खरी, पण फाटक्या माउंटिंगनंही अगदी तशीच येते. बॉनेट उघडं ठेवून एकानं क्लच सावकाश सोडायचा आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघायचं. हे काम क्लच उघडण्याआधी करायचं असतं.

बुधवार : लातूर ते नळदुर्ग

पेडल एकदम हलकं झालं होतं, पहिल्या चौकात गाडी दोनदा बंद पाडली. नवी प्लेट मुरेपर्यंत थोडे दिवस जोराची सुरुवात आणि चढावर ओढाताण टाळायची. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही शे किलोमीटरनंतर फ्री प्ले पुन्हा बघायचा.

औशाचा किल्ला बाहेरूनच पाहिला, उजनीला बासुंदी खाल्ली. तुळजापुरात रांग लहान होती. दुपारी नळदुर्ग. बोरी नदीला पाणी होतं, त्यामुळं पाणीमहालावरून धार कोसळताना बघायला मिळाली. आदिलशाही काळात बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधायचं कुणाला सुचलं असेल? मामा मात्र पाणी कुठून झिरपतं ते शोधत होते.

मावशीच्या दारात गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून सामान काढत होतो. मावसभावानं कान दिला आणि म्हणाला, "दादा, गाडी घुमायलीय. क्लच परत गेला बघा."

मामांनी त्यालाच सीटवर बसवलं. "पेडल दाब." घुमणं थांबलं. "सोड." पुन्हा सुरू झालं.

"दाबल्यावर आवाज आला असता तर रिलीज बेअरिंग," मामा म्हणाले. "सोडल्यावर येतोय, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरायलाय तेव्हा येतोय. इनपुटचं बेअरिंग हाय. क्लचचा संबंध नाही."

"मग चालेल का असंच?"

"दिवाळीपर्यंत चालंल. आवाज गिअरमध्ये चालतानाबी यायला लागला, का वाढत गेला, की फोडायचा." मग माझ्याकडं वळून, "लातूरच्या पोराला बेअरिंगचा नंबर काढून ठेवायला सांगितलाय. जाताना येरमाळ्याकडनं नाही, लातूरवरनंच जाऊ."